आकडे आणि डोळे

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग हातखंबा मागे टाकून पुढे निघाला, की थोड्याच अंतरावर रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव लागते. येथे रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट दक्षिणेकडे लांजा, राजापूर, कुडाळ अशी गावे घेत गोव्यात उतरते. दुसरी पूर्वेकडे वळते, नाणीज व साखरपा ओलांडून आंबा घाट चढते आणि कोल्हापुरास जाऊन पोहोचते. ह्या दोन्ही वाटांच्या शेवटी असलेल्या मुलखांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे फुटबॉलचे वेड. कोल्हापुरात ज्या तालमींच्या तांबड्या मातीत मल्ल घडले, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघही उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे तेथील लहान मुलांनाही पाठ असतात. आणि शाहू स्टेडियमवर सामना असला, म्हणजे पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. गोव्याची गोष्टही वेगळी नाही. तेथे गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी चेंडू उडताना दिसतो. तेव्हा ह्या दोन वाटांच्या संगमावर एस. टी. ची वाट पाहत उभ्या असलेल्या दोघांत फुटबॉलवरून वाद जुंपला, तर त्यात नवल ते काय?

मुलांनो, असा एक वाद आपण कल्पनेने ऐकू या. वाद करणारे आहेत मामा आणि भाचा. मामा कोल्हापूरचे, तरुणपणी स्वतः खेळलेले, आणि आजही एक सामना न चुकविणारे. भाचा पालीचा, रत्नागिरीच्या महाविद्यालयात शिकणारा. त्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर आकड्यांची रांगच्या रांग उमटली आहे.

“मामा, तुमच्या त्या लाडक्या खेळाडूने बारा सामन्यांत केवळ दोन गोल केले आहेत. आता तरी म्हणा, की त्याची संघातील जागा दुसऱ्याला द्यावी.”

“अरे, गोल दोन असतील. पण तो चेंडू घेऊन निघाला, की समोरचे दोन गडी त्याच्यावर धावून जातात. मग आपला दुसरा गडी मोकळा सुटतो आणि गोल करतो. हे तुझ्या आकड्यांत कुठे लिहिले आहे? खेळ डोळ्यांनी पाहायचा असतो, बाबा, वहीत नव्हे.”

“पण मामा, डोळेही पक्षपाती असतात. तुम्हांला त्याचे ते दोन सुंदर गोल आठवतात. त्याने वाया घालविलेले वीस फटके तुम्हांला आठवतात का?”

मामा क्षणभर गप्प झाले. पण हार मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. “वीस फटके वाया गेले असतील. परंतु वीस वेळा गोलाच्या समोर पोहोचणे हेही काही थोडे नाही!”

हा वाद केवळ पालीच्या थांब्यावरचा नाही. जेथे जेथे फुटबॉल खेळला जातो, तेथे तेथे आज रसिकांचे असे दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, “आकडे खोटे बोलत नाहीत.” दुसरा म्हणतो, “आकड्यांना खेळ कळत नाही.” दोन्ही वाक्ये ऐकावयास गोड आहेत. परंतु त्यांपैकी कोणते खरे, हे आरडाओरड्याने ठरत नाही. त्यासाठी काही उदाहरणे शांतपणे तपासली पाहिजेत.

प्रथम डोळ्यांचीच परीक्षा घेऊ. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटे चालतो. तेवढ्या वेळात शेकडो वेळा चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हिसकावला जातो, बाहेर जातो आणि पुन्हा आत येतो. हे सारे कोणाच्या ध्यानात राहील? प्रेक्षकांचे सोडा, पण ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्या प्रशिक्षकांच्या तरी ध्यानात राहते काय? १९८६ साली फ्रँक्स आणि मिलर ह्या दोन अभ्यासकांनी ह्या प्रश्नाचा शोध घेतला. त्यांनी काही प्रशिक्षकांना फुटबॉलच्या एका सामन्याचा अर्धा भाग दाखविला आणि नंतर त्यात काय काय घडले, ते विचारले. महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्या घटनाही त्यांना बिनचूक सांगता आल्या नाहीत. मनुष्याची स्मृती ही अशीच असते. जे चित्तथरारक असते, जे आपल्या आवडत्या बाजूचे असते, जे अगदी शेवटी घडलेले असते, ते ती जपून ठेवते. बाकीचे ती वाऱ्यावर सोडून देते. म्हणूनच हिशेबाची वही ही स्मृतीची वैरीण नसून तिची सोबतीण आहे. एवढ्यापुरते भाच्याचे म्हणणे खरे आहे.

शिवाय असे पाहा: “मला आकडे नकोत,” असे म्हणणारा रसिकसुद्धा सामना संपल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारतो? “किती गोलांनी जिंकलो?” गोलांची संख्या हाही एक आकडाच आहे. तेव्हा आकडे हवेत की नकोत, हा खरा प्रश्नच नव्हे. कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा उत्तर देतो, हा खरा प्रश्न आहे.

हे नीट समजावे म्हणून आपल्याच देशाच्या इतिहासातील एक अभिमानाची गोष्ट घेऊ. १९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी ऑलिंपिक सामने भरले. त्यांत भारताच्या फुटबॉल संघाने चौथा क्रमांक मिळविला. सय्यद अब्दुल रहीम हे त्या संघाचे मार्गदर्शक होते. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी पडावयाची होती; परंतु हंगेरीचा संघ आलाच नाही, आणि भारत न खेळताच पुढच्या फेरीत गेला. तेथे आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४ विरुद्ध २ गोलांनी हरविले. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल आपणच केला. परंतु शेवटी १ विरुद्ध ४ असा आपला पराभव झाला. तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३ विरुद्ध ० असे हरविले.

आता ह्या हकीकतीतून दोन वाक्ये तयार करता येतील. “भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला,” हे एक. “भारताने तीन सामने खेळून एकच जिंकला, पाच गोल केले आणि नऊ गोल खाल्ले,” हे दुसरे. पहिले वाक्य ऐकून छाती फुगते. दुसरे ऐकून मान खाली जाते. तरीही दोन्ही वाक्ये सर्वस्वी खरी आहेत! अंकांत फरक नाही, हकीकतीत फरक नाही. फरक आहे तो विचारलेल्या प्रश्नात. “शेवटी स्थान कोणते मिळाले?” असे विचारले, तर उत्तर ‘चौथे’. “मैदानावर किती सामने जिंकले?” असे विचारले, तर उत्तर ‘एक’. जो केवळ पहिले वाक्य सांगतो, तो अर्धे झाकतो. आणि जो केवळ दुसरे सांगतो, तोही अर्धेच झाकतो.

त्याच स्पर्धेत नेव्हिल डिसूझा ह्या आपल्या खेळाडूने पराक्रम गाजविला. तो गोमंतकीय वंशाचा आणि मुंबईच्या मैदानांवर नावाजलेला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने एकट्याने तीन गोल केले आणि युगोस्लाव्हियाविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच. म्हणजे भारताच्या पाच गोलांपैकी चार त्याचे! त्या स्पर्धेत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यांत त्याची गणना झाली. हा आकडा नसता, तर सुमारे सत्तर वर्षांनंतर आज आपल्याला नेव्हिलची योग्यता कशी कळली असती? त्याचा खेळ प्रत्यक्ष पाहणारे डोळे किती उरले असतील? परंतु मामांचा प्रश्नही येथे विसरू नका. हे गोल होण्यापूर्वी चेंडू कोणी अडविला, कोणी पुढे धाडला, कोणी प्रतिस्पर्ध्याला आपल्या मागे ओढून नेव्हिलला वाट मोकळी करून दिली? गोलांच्या यादीत त्या साथीदारांची नावे नाहीत. म्हणून यादी खोटी ठरत नाही. ती अपुरी ठरते. खोटे आणि अपुरे ह्यांतील भेद ओळखणे, हे सुज्ञाचे लक्षण होय.

कधी कधी एकच खेळाडू एका रकान्यात रंक दिसतो आणि शेजारच्या रकान्यात राव. ह्यासाठी क्षणभर फुटबॉलचे मैदान सोडून क्रिकेटच्या मैदानावर जाऊ. नाशिकचे बापू नाडकर्णी हे भारताचे डावखुरे गोलंदाज. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटी सामन्यात त्यांनी पहिल्या डावात ३२ षटके टाकली. त्यांत त्यांनी किती गडी बाद केले? एकही नाही. हा रकाना पाहून कोणी म्हणेल, की त्या दिवशी त्यांचे श्रम फुकट गेले. आता शेजारचे रकाने वाचा: ३२ षटकांपैकी २७ निर्धाव, दिलेल्या धावा केवळ ५! लागोपाठ २१ षटकांत आणि लागोपाठ १३१ चेंडूंवर फलंदाजांना एकही धाव काढता आली नाही. अशा गोलंदाजीने प्रेक्षक टाळ्या पिटीत नाहीत, उलट कंटाळतात. म्हणजे येथे डोळ्यांना जे नीरस वाटले, त्याचे मोल आकड्यांनी राखून ठेवले. परंतु ते मोल एका आकड्याने राखले नाही. चार आकड्यांनी मिळून राखले. त्यांतील एकच उचलला असता, तर नाडकर्णींवर अन्याय झाला असता.

आतापर्यंत आपण पाहिले ते आकडे अपुरे होते. पण त्यांवरून कोणी काढलेले अनुमानच चुकीचे असेल तर? असा एक प्रसंग फुटबॉलच्या इतिहासात घडला आहे आणि तो फार बोधप्रद आहे. आता पुन्हा फुटबॉलकडे वळू.

इंग्लंडच्या हवाई दलात चार्ल्स रीप नावाचे एक हिशेबनीस अधिकारी होते. १८ मार्च १९५० रोजी ते स्विंडन टाऊन ह्या संघाचा सामना पाहावयास गेले. त्या संघाच्या चढाया पुनःपुन्हा व्यर्थ जात होत्या. ते पाहून रीप ह्यांच्यातील हिशेबनीस जागा झाला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद करण्यास आरंभ केला. त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षे ते शेकडो सामने असेच टिपीत राहिले. कोणत्या चढाईत चेंडू किती वेळा साथीदाराकडे दिला गेला, म्हणजे किती ‘पास’ झाले, आणि शेवटी गोल झाला की नाही, हे सारे त्यांच्या वहीत उतरे. असे कष्टाळू, प्रामाणिक निरीक्षण क्वचितच कोणी केले असेल. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन ह्या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी आपला अभ्यास इंग्लंडच्या संख्याशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

रीप ह्यांना आढळले, की सुमारे ८० टक्के गोल हे तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढायांतून होतात. त्यावरून त्यांनी अनुमान बांधले: मग चेंडू इकडून तिकडे घोळवीत बसण्यात अर्थ काय? तो झटपट, लांबवर, सरळ गोलाकडे धाडावा! हे अनुमान इंग्लंडमधील काही संघांना व मार्गदर्शकांना पटले आणि त्याप्रमाणे खेळाडूंना शिकविलेही गेले.

मुलांनो, येथे थोडे थांबा व स्वतः विचार करा. ह्या अनुमानात चूक कोठे आहे?

चूक अशी: रीप ह्यांच्याच नोंदींनुसार, मुळात झालेल्या सगळ्या चढायांपैकी ९० टक्क्यांहून अधिक चढाया तीन किंवा त्याहून कमी पासांतच संपत होत्या. लांब चालणाऱ्या चढाया होत्याच थोड्या. हा हिशेब सोप्या आकड्यांनी मांडून पाहू. समजा, एकूण १००० चढाया झाल्या. त्यांपैकी ९२० आखूड आणि ८० लांब. एकूण गोल झाले १०. त्यांपैकी ८ आखूड चढायांतून आणि २ लांब चढायांतून. वरवर पाहता आखूड चढाया चौपट फलदायी वाटतात. पण भागाकार करा. ९२० आखूड चढायांत ८ गोल, म्हणजे दर ११५ चढायांमागे एक गोल. ८० लांब चढायांत २ गोल, म्हणजे दर ४० चढायांमागेच एक गोल! ज्या चढाया निरुपयोगी ठरविल्या, त्याच वस्तुतः अधिक फलदायी निघाल्या. पुढे २००५ साली ह्यूज आणि फ्रँक्स ह्या अभ्यासकांनी १९९० व १९९४ च्या विश्वचषक सामन्यांची अशीच तपासणी केली. एकूण प्रयत्नांच्या प्रमाणात मोजले असता लांब चढायांतून अधिक गोल होतात, असे त्यांना दिसून आले. ह्यांतील फ्रँक्स हे १९८६ च्या परीक्षेतील तेच फ्रँक्स. प्रथम त्यांनी डोळ्यांची चूक दाखविली होती. आता आकडे वाचणाऱ्यांची चूक दाखविली.

ध्यानात घ्या, रीप ह्यांचे आकडे खोटे नव्हते. त्यांच्या पेन्सिलीने लबाडी केली नाही. “गोलांपैकी किती आखूड चढायांतून झाले?” ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी “आखूड चढायांपैकी कितींतून गोल झाले?” ह्या निराळ्याच प्रश्नाला जोडले. आपल्या कोकणातला एक साधा दाखला घ्या. बाजारात आलेल्या दहा नासक्या आंब्यांपैकी आठ एकाच बागेचे निघाले, म्हणून ती बाग वाईट असे म्हणता येईल काय? त्या बागेतून हजार आंबे आले आणि दुसरीतून दहाच आले, तर काय म्हणाल? अंश दिसतो, पण छेद दिसल्यावाचून अपूर्णांक पुरा होत नाही, हे तुम्ही गणितात शिकलाच आहात.

आता कोणी म्हणेल, “मग आकड्यांचा नादच सोडावा.” परंतु रीप ह्यांची चूक कशाने उघडकीस आली? केवळ डोळ्यांनी नव्हे; अधिक विचारपूर्वक केलेल्या मोजणीने. वाईट हिशेबावरचा उपाय हिशेब टाकून देणे हा नसून चांगला हिशेब करणे हा आहे. आजच्या काळात फुटबॉलचे अभ्यासक केवळ गोल मोजून थांबत नाहीत. चेंडू कोठून मारला, किती जवळून, कोणत्या कोनातून, हे पाहून तशा जागेवरून साधारणपणे किती फटके गोलात जातात, त्याचे प्रमाण ते काढतात. त्याला ‘अपेक्षित गोल’ असे म्हणतात. उदाहरणार्थ, पेनल्टीचे चार फटके मारले, तर सामान्यतः तीन गोलात जातात. उलट मैदानाच्या मध्यातून मारलेल्या फटक्याला गोल होण्याची आशा फारच थोडी. ह्या मोजणीमुळे “वीस फटके वाया घालविले” ह्या भाच्याच्या आक्षेपाला आणि “वीस वेळा गोलासमोर पोहोचला” ह्या मामांच्या उत्तराला एकाच तराजूत घालता येते. ते वीस फटके कोठून मारले होते, हे पाहिले, की दोघांचेही बरेचसे समाधान होईल. गंमत अशी, की मामांच्या डोळ्यांना जे पूर्वीपासून दिसत होते, तेच मोजण्याचा हा प्रयत्न आहे. चांगला आकडा बहुधा चांगल्या डोळ्यांपासूनच जन्म घेतो.

ह्या साऱ्याशी आपला काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. आपण काही ऑलिंपिकला निघालेलो नाही! पण समजा, पालीच्या शाळेचा संघ तालुक्याच्या सामन्यांसाठी निवडावयाचा आहे. बारा मुले आहेत आणि जागा अकरा. यादीत पाहिले, तर मागच्या फळीत खेळणाऱ्या एका मुलाच्या नावापुढे गोल शून्य. “ह्याने काहीच केले नाही, ह्याला वगळा,” असे कोणी सुचविले. परंतु त्याचे काम गोल करणे हे नव्हतेच, तर गोल होऊ न देणे हे होते. तो खेळत असताना आपल्यावर किती गोल झाले आणि तो नसताना किती झाले, हे कोणी मोजलेच नव्हते. जे मोजले नाही, ते घडलेच नाही असे मानले, तर त्या मुलाची जागा जाईल आणि संघाचे नुकसान होईल. तसेच ह्याच्या उलटही घडू शकते. एखादा मुलगा मोठ्याने ओरडतो, खूप धावतो, सर्वांच्या नजरेत भरतो, म्हणून तो निवडला जातो. आणि अबोलपणे अचूक पास देणारा मागे राहतो. तेथे कोणी वहीत चार रेघा ओढल्या असत्या, तर त्या अबोल मुलाला न्याय मिळाला असता. केवळ एका आकड्याने अन्याय होतो, तसाच केवळ पहिल्या नजरेनेही होतो. आणि अन्याय ज्याच्यावर होतो, तो आकडा नसतो. तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी मित्र असतो.

ही गोष्ट केवळ खेळापुरती नाही. परीक्षेतील गुण, गावाच्या पावसाचे इंच, शेताचे उत्पन्न, निवडणुकीतील मते, वर्तमानपत्रातील टक्केवारी अशा आकड्यांच्या राज्यातच आपल्याला जन्म काढावयाचा आहे. त्यांना भिऊन चालणार नाही आणि त्यांच्यापुढे डोळे मिटून मान तुकविणेही शोभणार नाही. कोणताही आकडा समोर आला, म्हणजे त्याला नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. तू नेमके काय मोजलेस? काय मोजावयाचे राहिले? आणि हे एकूण कितीपैकी? ह्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे जो आकडा देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो देत नाही, त्याला थोडा वेळ दाराबाहेर उभा करावा. आणि आपल्या मनाने घाईने काही ठरविले, तर त्यालाही हेच तीन प्रश्न विचारण्यास चुकू नये.

स्वाध्याय

१. “भारत चौथा आला” आणि “भारताने एकच सामना जिंकला” ही दोन्ही वाक्ये खरी कशी, ते स्पष्ट करा.

२. ‘खोटे’ आणि ‘अपुरे’ ह्यांतील भेद पाठातील एका उदाहरणाने समजावून सांगा.

३. रीप ह्यांच्या अनुमानातील चूक तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

४. मामा आणि भाचा ह्यांचा वाद पुढे कसा चालला असता, ते संवादरूपाने लिहा. शेवटी दोघांनीही एकमेकांचे एक एक म्हणणे मान्य करावे.

५. शाळेच्या मैदानावरील एखादा सामना पाहा. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने केवळ पाहावे, दुसऱ्याने पास, फटके व अडविलेले चेंडू ह्यांची नोंद करावी. सामन्यानंतर दोन्ही गटांनी उत्तम खेळाडू स्वतंत्रपणे निवडावा. निवड वेगळी आल्यास तिची कारणे चर्चा करून शोधा.